माळावरच्या पवनचक्क्या आणि दर्यातला बोंबील

वाचकांचे प्रश्न : उत्तरं देत आहेत अंबाजोगाईच्या एक निवृत्त प्राणिशास्त्र प्राध्यापिका

या महिन्याच्या टपालात समुद्राविषयीची पत्रं इतकी निघाली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. मला त्याचा आनंदच झाला. रत्नागिरीला शिकत असताना समुद्राची जी ओढ लागली ती अंबाजोगाईत इतकी वर्षं शिकवूनही सुटली नाही. भूमच्या पत्रापासून सुरुवात करते.

प्रश्न : आमच्या माळावर कितीतरी वर्षांपासून पवनचक्क्या हायेत. उभारणी चालू होती तेव्हा रात्रंदिवस क्रेन, ट्रक, धुरळा. हरणं दिसायची बंद झाली होती. काम संपल्यावर हळूहळू परत आली. आता सरकार समुद्रात पवनचक्क्या उभारणार असं पेपरात वाचलं. जमिनीवरचं जनावर पळून तरी जातं. पाण्यातल्यानं कुठं जायचं? — एक शेतकरी, ता. भूम, जि. धाराशिव

दादा, तुम्ही हरणांच्या बाबतीत पाहिलंत तेच युरोपातल्या संशोधकांनी समुद्रात मोजलं. उभारणीचे दिवस वेगळे आणि नंतरची वर्षं वेगळी.

उभारणीचे दिवस वाईटच. उथळ समुद्रात पवनचक्की उभी करायची नेहमीची पद्धत म्हणजे पोलादाचा प्रचंड नळा समुद्रतळात ठोकणं. हल्लीच्या मोठ्या चक्क्यांसाठी या नळ्याचा व्यास आठ-दहा मीटर असतो आणि त्यावर यंत्राचा घण हजारो वेळा पडतो. आवाज पाण्यात हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि फार लांब पोचतो. डॉल्फिनचा एक छोटा नातेवाईक आहे, पॉरपॉइज. त्याचं सगळं जगणं कानावर चालतं. वाट शोधणं, मासा पकडणं, पिलाला हाक मारणं, सगळं. डेन्मार्कच्या किनाऱ्यासमोर हॉर्न्स रेव्हच्या दुसऱ्या प्रकल्पाचे नळे ठोकले जात होते तेव्हा सुमारे १८ किलोमीटरपर्यंत पॉरपॉइजची वर्दळ घटलेली आढळली. घण थांबल्यावर एक ते तीन दिवसांत ते परतले. पण घणाच्या अगदी जवळ सापडलेल्या प्राण्याचा कान कायमचा जाऊ शकतो, आणि ऐकू न येणारा पॉरपॉइज जगत नाही.

यावर उपाय आहेत, आणि ते फार अवघड नाहीत. पहिले घाव हलके घालायचे, म्हणजे प्राण्यांना दूर जायला वेळ मिळतो. नळ्याभोवती तळावर भोकं पाडलेली नळी गोलाकार अंथरून तिच्यातून हवा सोडायची. वर चढणाऱ्या बुडबुड्यांचा पडदा बराचसा आवाज अडवतो. जर्मनीने तर मर्यादाच घातली आहे : घणाच्या घावाचा आवाज ७५० मीटरवर १६० डेसिबलच्या पुढे जाता कामा नये. (पाण्यातले डेसिबल वेगळ्या पायावर मोजतात, लग्नातल्या डीजेच्या डेसिबलशी त्यांची तुलना करू नका.) नियम आला म्हणून कंपन्यांनी बुडबुड्यांचे पडदे सुधारले. नियम नसता तर कुणी खर्च केला नसता, असं माझं स्पष्ट मत आहे.

नंतरच्या वर्षांचं चित्र पुष्कळ बरं आहे. जगातला पहिला समुद्री पवनप्रकल्प डेन्मार्कने १९९१ मध्ये विंडेबीला उभारला, अवघ्या ११ चक्क्यांचा. तो २०१७ मध्ये काढूनही टाकला. तेव्हापासूनचा अनुभव सांगतो की पोलादाच्या खांबांवर शिनाणे (खडकाला चिकटून राहणारे शिंपले) बसतात, त्यामागे खेकडे येतात, खेकड्यांमागे मासे. उत्तर समुद्रात काही सील एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे शिस्तीत शिकार करत फिरतात, हे २०१४ मध्ये त्यांच्या अंगावर बसवलेल्या यंत्रांतून दिसलं. चक्क्यांच्या मधून तळ खरवडणारी ट्रॉलर जाळी नेता येत नाहीत, तेवढा तळ शांत राहतो.

पण सगळ्यांचंच भलं होतं असं नाही. वाळूच्या तळावर खडकावरचे जीव येऊन बसतात, त्यांत बाहेरून आलेल्या जातीही असतात. लाल गळ्याचा डायव्हर हा पाणपक्षी तर चक्क्यांपासून कित्येक किलोमीटर लांब राहतो. त्याच्यासाठी तेवढा समुद्र गेलाच.

आणि आपला समुद्र म्हणजे उत्तर समुद्र नव्हे. गुजरातेत चक्क्यांसाठी निवडलेली जागा खंबातच्या आखाताच्या तोंडाशी, पिपावावसमोर आहे. या आखातात भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या वर जातो, पाणी कायम गढूळ, तळाला गाळ. डेन्मार्कची आकडेवारी इथं जशीच्या तशी लावता येत नाही. इथं आधी पाण्यात कान लावून बसावं लागेल, निदान दोन-तीन वर्षं, सगळे ऋतू. तुमच्या माळावर उभारणीच्या आधी किती हरणं होती हे कुणी मोजलं होतं का? मोजलं नसेल तर आज किती परत आली तेही ठामपणे सांगता येणार नाही. समुद्रात तरी ते राहून जाऊ नये.

प्रश्न : आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय. किनाऱ्याला लागलेल्या मेलेल्या देवमाशाचा फोटो आणि खाली 'अमेरिकेत पवनचक्क्या देवमासे मारत आहेत'. मुलं विचारतात, काय सांगू? — एक शिक्षिका, हिंगोली

ताई, मुलांना तारखा सांगा. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर कुबड्या देवमाशांचे मृत्यू नेहमीपेक्षा वाढल्याची नोंद जानेवारी २०१६ पासूनची आहे. त्या देशातला पहिला समुद्री पवनप्रकल्प, ऱ्होड आयलंडजवळचा पाच चक्क्यांचा ब्लॉक आयलंड, सुरू झाला डिसेंबर २०१६ मध्ये. ज्या मृत देवमाशांची तपासणी करता आली त्यांतल्या सुमारे ४० टक्क्यांच्या अंगावर जहाजाची धडक बसल्याच्या किंवा जाळ्यात अडकल्याच्या खुणा होत्या. पवनचक्क्यांशी संबंध दाखवणारा पुरावा तिथल्या सागरी संस्थेला सापडलेला नाही.

मात्र एवढ्यावर थांबू नका. अरबी समुद्रात कुबड्या देवमाशांचा एक वेगळा कुटुंबकबिला आहे. जगातले बाकीचे कुबडे देवमासे थंड समुद्र आणि उष्ण समुद्र अशा वाऱ्या करतात; हे मात्र बारा महिने इथंच राहतात. ओमानच्या किनाऱ्यावर त्यांची संख्या शंभराच्या आत मोजली गेली आहे आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही ते येतात. इतक्या थोड्या उरलेल्या जिवांच्या घरात घण घालायचा तर अमेरिकेपेक्षा जास्त काळजी घ्यायला हवी.

प्रश्न : मॅडम, मी मत्स्यविज्ञानाची विद्यार्थिनी आहे. समुद्राचा पीएच औद्योगिक क्रांतीपासून ८.२ वरून ८.१ झाला असं शिकवतात. आम्ही शेततळ्यात पीएच मोजतो तेव्हा पहाटे आणि दुपारी एक-दीडचा फरक सहज दिसतो, रोहू-कटला मजेत असतात. मग ०.१ चा एवढा बाऊ का? — उदगीर, जि. लातूर

हा प्रश्न मला फार आवडला. तळ्याकाठी स्वतः मोजणाऱ्यालाच तो सुचतो.

आधी गणित. पीएच जितका कमी तितकं पाणी आम्लाकडे झुकलेलं. त्याची मोजपट्टी लॉगची (एक अंक उतरला की आम्ल करणारे हायड्रोजन आयन दहापट) असल्याने ०.१ ने घट म्हणजे हायड्रोजन आयनांत सुमारे २६ टक्के वाढ. आता तळ्याकडे या. तळ्यातलं शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साइड खातं म्हणून पीएच चढतो, रात्री सगळे जीव श्वासातून तो सोडतात म्हणून उतरतो. रोज चढतो, रोज उतरतो, सरासरी तिथंच. रोहूच्या पूर्वजांनी अशाच डबक्यांत हजारो पिढ्या काढल्या आहेत. समुद्रात सरासरीच सरकली आहे आणि ती संध्याकाळी परत येत नाही. किनाऱ्याच्या पाण्यातही रोजची चढउतार असते, पण पायाच खाली गेल्यामुळे दिवसातला सगळ्यात वाईट तास पूर्वीपेक्षा वाईट होतो. अळी मरते ती त्या तासात.

माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे पाव हिस्सा समुद्र शोषतो. हवेतलं प्रमाण कारखानदारीच्या आधी दशलक्षात २८० भाग होतं. हवाईतल्या मौना लोआवर १९५८ मध्ये नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा सुमारे ३१५, आणि आता ते ४२० च्या पुढे आहे. हा वायू पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल होतं, आणि त्यातून सुटलेले हायड्रोजन आयन पाण्यातल्या कार्बोनेटला पकडून बसतात. नेमकं तेच कार्बोनेट कालवांना, शंखांना, पोवळ्यांना कवच बांधायला लागतं. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने हंड्यावर बसलेला पांढरा थर लिंबाने निघतो ना, तो थर आणि शिंपला दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. समुद्र लिंबाइतका आंबट होणार नाही, तो अल्कलीच राहील. पण कवच बांधणाऱ्याला कच्चा माल कमी मिळतो आणि त्याच भिंतीसाठी जास्त ताकद खर्च करावी लागते. ज्या अळीच्या अंगात दोन दिवसांचीच शिदोरी आहे तिला ते झेपत नाही.

हे प्रयोगशाळेपुरतं राहिलेलं नाही. अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावरच्या कालवांच्या बीजकेंद्रात २००७ च्या सुमारास अळ्या पटापट मरू लागल्या. आधी रोगजंतूंवर संशय होता. शेवटी कळलं की खोल समुद्रातून वर येणारं, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी टाक्यांत खेचलं जातंय. आता तिथं पाण्याची रसायनं सतत मोजतात आणि सोडा ॲश घालून पाणी सुधारून घेतात. टाकीत हे जमतं. समुद्रात कुणी सोडा किती घालणार?

तुझ्या अभ्यासासाठी अजून एक. अरबी समुद्रात साधारण दीडशे-दोनशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायू अत्यंत कमी असलेला पट्टा आहे, जगातल्या सगळ्यात जाड पट्ट्यांपैकी एक. कार्बनमुळे अडकलेल्या जादा उष्णतेचा ९० टक्क्यांहून जास्त भाग समुद्रातच जातो, आणि गरम पाणी प्राणवायू कमी धरतं. म्हणजे आम्लता, उष्णता आणि घुसमट या तिन्ही गोष्टी एकाच माशाला एकाच वेळी सोसाव्या लागतात. पीएच एकटा वाचू नकोस, त्याच्याशेजारी तापमान आणि विरघळलेला प्राणवायू लिहून ठेव. तळ्यातही.

प्रश्न : आमची आई आठवडी बाजारात सुकट-बोंबील विकते. ती म्हणते बोंबील महाग झाला, बारीक यायला लागला आणि कधी कधी काळा पडलेला येतो. व्यापारी म्हणतो हवामान बिघडलं. हे खरं का? आणि पवनचक्क्या आल्यावर बोंबील आणखी कमी होईल का? — वसमत

बाळा, तुझ्या आईला नमस्कार सांग. तिने तीन गोष्टी सांगितल्या आहेत आणि तिन्हींची कारणं एकच नाहीत.

काळा पडलेला बोंबील पावसाने भिजलेला असतो. ताज्या बोंबलात दहातले जवळपास नऊ भाग पाणीच. तो बांबूच्या वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून टांगतात आणि उन्हा-वाऱ्यावर वाळवतात. ऐन वाळवणीत, नोव्हेंबर-डिसेंबरात, अवकाळी पाऊस आला की वलांडीवरचा माल कुजतो. मग तो खतालाच जातो. अरबी समुद्र तापतोय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासात २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांपेक्षा सुमारे ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते कोकणाने आणि सौराष्ट्राने भोगलं. वादळाचा इशारा आला की होड्या बंदरात, आणि वाळत घातलेला माल भिजलेला. तेव्हा तुमचा व्यापारी या बाबतीत खरं बोलतो.

बारीक बोंबलाचं खापर मी हवामानावर फोडणार नाही. बारीक आसाची (लहान भोकांची) जाळी लावून मासा मोठा व्हायच्या आत उपसला की बाजारात बारीकच येणार. मासळीवर दोन्ही ओझी एकदम असली की काय होतं ते केरळच्या तारलीने दाखवलं. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार २०१२ मध्ये केरळात जवळपास चार लाख टन तारली मिळाली आणि २०२१ मध्ये साडेतीन हजार टनही नाही. तापलेला समुद्र आणि पिल्लांची उपसा-उपशी, दोन्ही कारणं सांगितली जातात. नंतर तारली बरीच सावरलीही. समुद्राला सवड दिली तर तो भरून देतो. तापमान मात्र सवड देत नाही.

आता पवनचक्क्या. इथं मला खरी काळजी वाटते, आणि ती बोंबलापेक्षा बोंबील पकडणाऱ्यांची आहे. बोंबील डोलीत मिळतो. डोल म्हणजे पिशवीच्या आकाराचं लांबलचक जाळं, प्रवाहाकडे तोंड करून एका जागी बांधून ठेवलेलं. डोलकर माशांमागे धावत नाही, त्याची जागा ठरलेली असते, पिढ्यान्‌पिढ्यांची. मराठवाड्याच्या बाजारात येणारा सुका बोंबील महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचा. गुजरातेत त्याचं मोठं बंदर जाफराबाद. आणि चक्क्यांसाठी निवडलेली पिपावावसमोरची जागा जाफराबादच्या शेजारीच आहे.

पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, तेव्हा क्रेनची जहाजं काम करू शकत नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. म्हणजे पाया ठोकायचे महिने आणि डोली लावायचे महिने तेच ते, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. डोलकराला विचारल्याशिवाय वेळापत्रक ठरलं तर घण त्याच्या सुगीतच पडेल. कुठल्या प्रवाहात कोणत्या महिन्यात कोणता मासा येतो हे त्याला तोंडपाठ आहे. त्याला आधी नकाशासमोर बसवावं आणि ज्याची जागा जाईल त्याला कामाच्या काळापुरती नव्हे, पुढचीही भरपाई मिळावी. चक्क्यांमुळे बोंबील संपेल असं मला वाटत नाही. पण तुझ्या आईसारखीच टोपली घेऊन बसणारी जाफराबादची बाई या हिशोबातून सुटू नये.

प्रश्न : परळीपासून समुद्र चारशे किलोमीटर. आमच्या औष्णिक केंद्राच्या धुराने तिकडचे शिंपले झिजतात हे पटत नाही. — एक वाचक, परळी वैजनाथ

दादा, राखेचं आणि काजळीचं म्हणाल तर तुमचं बरोबर, ती जवळपासच पडते आणि तुमच्याच छातीत जाते. कार्बन डायऑक्साइड तसा नाही. तो साधारण वर्षभरात सगळ्या जगाच्या हवेत मिसळतो. कोळशावरची एक युनिट वीज म्हणजे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड, आणि त्यातला पाव किलोच्या आसपास समुद्रात. परळीचा, चंद्रपूरचा, चीनचा, सगळ्यांचा एकत्रच. समुद्रातली पवनचक्की घडवण्यापासून मोडीत काढण्यापर्यंतचा सगळा हिशोब धरूनही युनिटमागे सुमारे १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो.

समुद्राकडून आपल्याकडे परतफेडही होते. हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि त्यांना लागणारी वाफ अरबी समुद्रातून येते. पाऊस एकूण वाढला नाही, तो लांबतो आणि मग एका रात्रीत माती घेऊन जातो. शेतकऱ्याला हे आकड्यांवाचून माहीत आहे.

परळीत कितीतरी घरांची चूल या केंद्रावर पेटते, त्यामुळे ते उद्या बंद करा असं मी म्हणणार नाही. पण २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी तेच केंद्र थांबवावं लागलं होतं, हेही तुम्हाला आठवत असेल. पवनचक्कीला थंड करायला धरण लागत नाही.

तेव्हा माझं म्हणणं विचाराल तर समुद्रात चक्क्या उभ्या राहाव्यात. घणाचा आवाज काम संपलं की थांबतो, आणि त्याला आवर घालणारे नियम करता येतात. विरघळलेला कार्बन समुद्रातून उपसता येत नाही, शिंपल्याला त्यापासून लांब पळताही येत नाही. आपल्याकडे धोरण २०१५ मध्ये आलं, २०३० पर्यंत ३० गिगावॉटचं उद्दिष्ट २०१८ मध्ये ठरलं, जून २०२४ मध्ये केंद्राने गुजरात आणि तमिळनाडूत मिळून पहिल्या एक गिगावॉटसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. समुद्रात अजून एकही प्रकल्प वीज देत नाही. उशीर खटकतो, पण नळा ठोकण्याआधी पाण्यातले आवाज, देवमाशांच्या वाटा आणि डोलींच्या जागा नोंदवून घ्यायला हाच वेळ हातात आहे. तमिळनाडूकडे तर मन्नारच्या आखातातली पोवळी आणि समुद्रगाई आहेत, तिथं दुप्पट सावध राहायला हवं.

प्रश्न : डिसेंबरात सातवीची सहल रत्नागिरीला नेतोय. मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. काय दाखवू? — एक शिक्षक, सेलू, जि. परभणी

सर, भरतीच्या लाटा ती आपोआप बघतील, तुम्ही ओहोटी दाखवा. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत सहल धरा. तेव्हा उधाणाची ओहोटी असते आणि पाणी सगळ्यात लांब हटतं. अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी असतं, तेव्हा फारसं काही उघडं पडत नाही. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. आदल्या दिवशी तिथल्या कोळ्यांना विचारून घ्या आणि पाणी पुरतं उतरायच्या तासभर आधी खडकावर पोचा.

काळ्या खडकावर पट्टे दिसतील. वर बारीक टोकदार कवचांचे जीव, खाली कालवं, आणखी खाली शिनाणे आणि शेवाळ. पवनचक्कीच्या खांबावरही असेच पट्टे तयार होतात, हे तिथंच सांगा म्हणजे मुलांना वेगळा तास लागणार नाही. उदगीरच्या मुलीसारखं एखादं पीएच मोजायचं किट मिळालं तर खडकातल्या डबक्यातलं आणि उघड्या समुद्रातलं पाणी मोजून मुलांकडून वहीत लिहून घ्या.

चपला नकोत, पट्ट्याचे बूट हवेत. कालवांच्या कडा पाय कापतात. पाणी वळलं की लगेच मागे फिरा, मुलांची मोजणी खडकावर उतरताना आणि चढताना दोन्ही वेळा करा. उचललेला दगड होता तसा पालथा ठेवा. शंख-शिंपले खिशात घालू देऊ नका, रिकामेसुद्धा. शंखातले खेकडे रिकाम्या शंखांतच राहायला जातात.